क्रॉसटॉक काढल्यावर कोणती रेकॉर्डिंग्ज खुलतात आणि कोणती बिघडतात

दोन स्पीकरांसमोर मधोमध बसलं तरी डाव्या स्पीकरचा आवाज फक्त डाव्या कानात जात नाही. डोक्याला वळसा घालून तो उजव्या कानातही पोचतो, जरा उशिरा आणि जरा दबून. उजव्या स्पीकरचंही तसंच. स्पीकर नेहमीप्रमाणे मधल्या रेषेपासून ३०-३० अंशांवर असतील तर हा उशीर साधारण २६० मायक्रोसेकंद भरतो. या गळतीला क्रॉसटॉक म्हणतात. आवाजाचा सगळा पसारा दोन स्पीकरांच्या मधल्या पट्ट्यातच अडकून राहतो, त्याचं मोठं कारण हेच. अगदी बाजूने येणारा आवाज दोन कानांना साधारण ६५० मायक्रोसेकंदांच्या फरकाने ऐकू येतो. गळती चालू असेपर्यंत एवढा फरक कानांपर्यंत पोचतच नाही.

ही गळती उलट्या ध्रुवतेच्या (म्हणजे मूळ लाटेत चढ तिथे उतार असलेल्या) आवाजाने खोडून काढायची कल्पना जुनी आहे. बेल लॅब्जमधल्या बिष्णू अतल (मूळचे कानपूरचे) आणि मानफ्रेड श्रोडर यांनी १९६२ मध्ये तिच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि १९६६ मध्ये ते मिळालं. आज दोन वाटा सर्वांत जास्त चालतात. एक म्हणजे राल्फ ग्लासगल यांच्या अँबिओफोनिक्समधली ‘रेस’ पद्धत. ती साधी आहे आणि घरी करता येते. दुसरी प्रिन्स्टन विद्यापीठातल्या एडगर शुएरी यांची ‘बाक’. तिच्यात ऐकणाऱ्याच्या कानात छोटे माइक ठेवून मोजमाप होतं आणि त्यावरून खास त्याच्यासाठी फिल्टर बनतो.

एक गोष्ट पक्की धरून चाला. ही प्रक्रिया रेकॉर्डिंगमध्ये नवीन काही घालत नाही. दोन चॅनलांमध्ये जो फरक आहे, तोच ती दोन कानांपर्यंत पोचवते. त्यामुळे रेकॉर्डिंग किती नावाजलेलं आहे, किती बिटचं आहे, याला फारसा अर्थ उरत नाही. माइक कसे लावले होते, यावर सगळं ठरतं.

सर्वांत जास्त फायदा होतो तो डमी हेडने, म्हणजे कानांत माइक बसवलेल्या कृत्रिम डोक्याने केलेल्या बायनॉरल रेकॉर्डिंगचा. नॉयमनचं केयू १०० हे त्यातलं सर्वांत परिचित. अशा रेकॉर्डिंगमध्ये वेळेचा फरक, पातळीचा फरक आणि कानाच्या पाळीने घडवलेला सूर, तिन्ही आधीच असतात. साध्या स्पीकरांवर ते निस्तेज वाटतं, कारण डोक्याची सावली दोनदा पडते: एकदा रेकॉर्डिंगच्या वेळी कृत्रिम डोक्याची आणि एकदा ऐकताना आपल्या डोक्याची. क्रॉसटॉक काढला की दुसरी सावली जाते. मग हेडफोन का नाही, असा प्रश्न येतोच. हेडफोनमध्ये गळती नसते हे खरं, पण पुढचा आवाज बरेचदा डोक्यात किंवा मागे जाऊन बसतो. स्पीकर खरोखर समोर असल्यामुळे पुढचा आवाज पुढेच राहतो. चेस्की कंपनीने डमी हेडवर केलेली रेकॉर्डिंग्ज सुरुवातीला चाचणीसाठी घ्यावीत, कारण त्यांत माइकबद्दल शंका राहत नाही.

त्याच्या खालोखाल डोक्याएवढं अंतर ठेवून लावलेले दोन माइक. ओआरटीएफ पद्धतीत दोन कार्डिऑइड (मुख्यतः समोरचंच ऐकणारे) माइक १७ सेंटिमीटरवर, ११० अंशांच्या कोनात असतात. दोन माइकांच्या मध्ये आवाज अडवणारी तबकडी लावायची जेकलिन पद्धतही याच घरातली. यांत कानाच्या पाळीचा सूर नाही, पण वेळ आणि पातळी दोन्ही नैसर्गिक प्रमाणात असतात. माझ्या मते संगीतासाठी हाच सर्वांत सुखाचा गट आहे. इथे मंच रुंद होतो, सभागृहाचा घुमारा बाजूंना उलगडतो आणि स्वराचा रंग मात्र बिघडत नाही.

ब्लमलाइन जोडीची गोष्ट गुंतागुंतीची आहे. दोन फिगर-एट (पुढचं आणि मागचं ऐकणारे, बाजूचं नाही) माइक एकाच जागी, ९० अंशांत. अॅलन ब्लमलाइन यांच्या १९३१ च्या पेटंट अर्जातली ही मांडणी. इथे चॅनलांमध्ये फक्त पातळीचा फरक असतो, वेळेचा नसतो. खालच्या स्वरांत हा पातळीचा फरक कानापाशी वेळेच्या फरकात बदलतो, आणि तो बदलतो नेमक्या क्रॉसटॉकमुळेच. म्हणजे गळती काढली की या पद्धतीचा एक पायाच काढला जातो. प्रत्यक्षात मांडणी रुंद होते, पण वाद्य जरा सपाट वाटू शकतं. उलट बाजूंनी आलेले प्रतिध्वनी दोन चॅनलांत एकमेकांच्या विरुद्ध ध्रुवतेत नोंदलेले असतात, ते छान मोकळे होतात. कविचंद्रन अलेक्झांडर यांच्या वॉटर लिली या रेकॉर्ड कंपनीने १९९३ मध्ये काढलेलं विश्वमोहन भट्ट आणि राय कूडर यांचं रेकॉर्डिंग असंच, सांता बार्बराच्या एका चॅपलमध्ये ब्लमलाइन जोडीवर झालेलं आहे. मोहनवीणा आणि गिटार यांच्याभोवतीच्या चॅपलची हवा ऐकायला ते फार चांगलं. फक्त प्रक्रिया सौम्य ठेवून ऐका.

लांब लांब ठेवलेले ओम्नी (सगळ्या बाजूंचं सारखं ऐकणारे) माइक, उदाहरणार्थ डेका ट्री, यात डावा-उजवा माइक साधारण दोन मीटरवर असतात. आवाजाला तेवढं अंतर कापायला ५.८ मिलिसेकंद लागतात. दोन कानांमध्ये एवढा फरक निसर्गात कधीच नसतो. त्यामुळे वाद्याची नेमकी जागा सापडत नाही, पण सभागृह मात्र अंगाभोवती येतं. मोठ्या वाद्यवृंदासाठी हा सौदा मला पटतो, एकट्या गायकासाठी नाही.

आपल्याकडच्या बहुतेक संगीताबद्दल खरं सांगायचं तर निराशाच आहे. मैफलीत प्रत्येकासमोर जवळचा माइक असतो आणि तो ध्वनिक्षेपकाच्या मिक्सरमधून बरेचदा मोनोच नोंदला जातो. मोनोत चॅनलांमध्ये फरकच नसतो, त्यामुळे उलगडायला काही नाही. जुनी चित्रपटगीतं याच कारणाने बाजूला ठेवा. स्टुडिओत पॅन-पॉटने, म्हणजे मिक्सरवरच्या बटणाने, डावी-उजवीकडे सरकवलेल्या गाण्यांत गायक मधोमध राहतो, वाद्यं रुंद पसरतात आणि स्टीरिओ रिव्हर्ब (कृत्रिम घुमारा) असेल तर तो भोवती गुंडाळला जातो. पण सुरुवातीच्या काळातल्या स्टीरिओत एखादं वाद्य पूर्ण एकाच चॅनलमध्ये असतं. ते थेट कानाशी येऊन कुजबुजतं आणि दहा मिनिटांत डोकं जड होतं. शास्त्रीय गायनाची चाचणी करायची तर तानपुरे ऐका. गायकाच्या मागे दोन बाजूंना दोन तानपुरे असतील आणि रेकॉर्डिंग खऱ्या स्टीरिओत असेल, तर जवारीचा झंकार स्पीकरांच्या बाहेर जातो. तो मधेच गोळा झालेला राहिला तर ते रेकॉर्डिंग या कामाचं नाही. क्यूसाउंडसारख्या तंत्राने आधीच साध्या स्पीकरांसाठी प्रक्रिया केलेली रेकॉर्डिंग्जही वगळा. एकाच गोष्टीवर दोनदा इलाज होतो.

फाइल कशी आहे, यानेही पुष्कळ बिघडतं. कमी बिटरेटच्या एमपी३ मध्ये दोन चॅनलांमधला फरक सर्वांत आधी छाटला जातो. आपण नेमका तोच फरक वर उचलतो, म्हणून १२८ केबीपीएसच्या फाइलमध्ये पाण्यासारखी खळखळ उघडी पडते. कॅसेटवरून उतरवलेल्या गाण्यांत प्लेअरचा टेप वाचणारा हेड जरा तिरका असला की वरच्या स्वरांत दोन चॅनल एकमेकांपासून सरकतात. मग मधला गायक एका जागी थांबत नाही. हेड सरळ करून पुन्हा उतरवणं हाच उपाय.

आता आकडे. ‘रेस’मध्ये प्रत्येक चॅनलचा उलटा, थोडा उशिराचा आणि थोडा हळू आवाज दुसऱ्या चॅनलमध्ये मिसळतात. त्या मिसळलेल्या आवाजाचीही गळती होते, म्हणून तीही खोडायची, आणि हे पुढे चालू राहतं. स्पीकर ३०-३० अंशांवर ठेवायचे नाहीत, १०-१० अंशांवर ठेवायचे. दीड मीटरवर बसणार असाल तर दोन स्पीकरांच्या मध्यांमधलं अंतर ५२ सेंटिमीटर, दोन मीटरवर बसणार असाल तर ७०. मग उशीर ८९ मायक्रोसेकंदांच्या आसपास येतो. ४८ किलोहर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला ४८,००० सॅम्पल (आवाजाचे नमुने) असताना, ४ सॅम्पल म्हणजे ८३ मायक्रोसेकंद, तिथून सुरुवात करा. घट अडीच डेसिबल, म्हणजे गुणक ०.७५.

कॅमिलाडीएसपीसारख्या मोफत साधनात हे चार कन्व्हॉल्यूशन फिल्टरांनी होतं; कोणत्या सॅम्पलवर किती आवाज मिसळायचा याची यादी म्हणजे असा फिल्टर. थेट वाटेत (डावा ते डावा, उजवा ते उजवा) सॅम्पल ० वर १, सॅम्पल ८ वर ०.५६, सॅम्पल १६ वर ०.३२, असं पुढे. आडव्या वाटेत सॅम्पल ४ वर उणे ०.७५, सॅम्पल १२ वर उणे ०.४२, आणि पुढे प्रत्येक वेळी ०.५६ ने गुणत जायचं. हे फक्त २५० हर्ट्झ ते ५ किलोहर्ट्झ या पट्ट्यात, बाकीचा आवाज तसाच सोडायचा. पट्टा वेगळा काढायला लिनियर फेज फिल्टरच (सगळ्या स्वरांना सारखाच उशीर करणारा) वापरा. साधा फिल्टर आडव्या वाटेत टाकला तर तो वेगवेगळ्या स्वरांना वेगवेगळा उशीर घालतो आणि खोडणं चुकतं.

२५० हर्ट्झच्या खाली जाऊ नये याचं कारण गणितात आहे. चॅनलांमधला फरक खालच्या स्वरांत जवळजवळ १२ डेसिबल वाढतो. एलपीच्या प्लेअरची उभी घरघर किंवा माइकवरचा वारा तेवढ्याने वर आला तर वूफर हेलपाटतो. पट्ट्याच्या आतही ही वाढ असतेच, म्हणून सुरुवातीलाच १२ डेसिबल पातळी कमी करा, नाहीतर क्लिपिंग होईल, म्हणजे आवाज मर्यादेबाहेर जाऊन फाटेल. स्पीकर जवळजवळ का, याचंही उत्तर इथेच आहे. डोकं पाच सेंटिमीटर बाजूला गेलं तर ३०-३० अंशांच्या मांडणीत सुमारे १४६ मायक्रोसेकंदांची चूक होते, १०-१० मध्ये फक्त ५०. तरी जागा एकाच माणसाची. शेजारी बसलेल्याला स्वर चिरका ऐकू येणार, त्याला इलाज नाही. दोन्ही स्पीकर कानापासून समान अंतरावर आहेत का ते टेपने मोजा. एका सेंटिमीटरची चूक म्हणजे २९ मायक्रोसेकंद. ब्लूटूथवर जोडी केलेले दोन वेगळे स्पीकर चालत नाहीत, त्यांची वेळ एकमेकांशी इतकी घट्ट बांधलेली नसते.

जुळलं का, हे पाहायला फक्त डाव्या चॅनलमध्ये टाळ्यांचा आवाज वाजवा. तो डाव्या कानाच्या बाजूला, स्पीकरच्या बराच बाहेर यायला हवा. स्पीकरापाशीच राहिला तर उशीर एक-एक सॅम्पलने मागेपुढे करून बघा. कानांवर दाब आल्यासारखं वाटलं तर घट तीन-साडेतीन डेसिबल करा.

खान्देशातल्या घरांत खरी अडचण खोलीची आहे. स्लॅबचं छत, फरशी, गिलावा केलेल्या उघड्या भिंती आणि एक लोखंडी कपाट. भिंतीवरून परतलेला आवाज खोडला जात नाही, म्हणून जवळ बसा आणि दोन्ही बाजूंच्या भिंतींना पहिल्या परावर्तनाच्या जागी काहीतरी जाड लावा. आपल्याकडे कापसाला तोटा नाही. चार इंच जाडीची कापसाची गादी भिंतीला उभी टेकवली तरी पट्ट्याचा बराच भाग शोषला जातो. एप्रिल-मे मध्ये जळगाव-भुसावळचा पारा ४५ कडे गेला की आवाजाचा वेग वाढून उशीर चार-पाच टक्क्यांनी घटतो. तो एका सॅम्पलहूनही कमी, त्याची काळजी नको. काळजी कूलरची करा. सभागृहाचा बारीक घुमारा, ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप, तोच कूलरच्या घरघरीखाली बुडतो. उन्हाळ्यात पहाटेच ऐकावं.

आणि सर्वांत खुलणारं रेकॉर्डिंग विकत मिळणारं नाही, ते इथेच करता येतं. कानाच्या भोकाशी बसणारे दोन इलेक्ट्रेट माइक (प्रिमोची ईएम २७२ कॅप्सूल यासाठी बरीच वापरली जाते) आणि प्लग-इन पॉवर (माइकला लागणारी वीज) देणारा छोटा रेकॉर्डर, एवढं पुरतं. श्रावणातल्या कानबाईच्या रात्री बायका चहूबाजूंनी गात असतात, अशा वेळी भिंतीपासून दूर, घोळक्याच्या मधे बसा. मुक्ताईनगरहून निघणाऱ्या मुक्ताईच्या पालखीत दिंडी शेजारून जाऊ द्या आणि स्वतः एका जागी उभे राहा. डोकं वळवलं की ऐकणाऱ्याचं सगळं जग वळतं, म्हणून नजर एका ठिकाणी ठेवा. काठी गावच्या होळीतले ढोल फार जोरात असतात. आधी सर्वांत मोठा ठोका ऐकून शिखर उणे १२ डेसिबलवर बसेल अशी पातळी लावा, आणि ऑटो लेव्हल (आपोआप पातळी बदलणं) व लो-कट (खालचे स्वर छाटणं) दोन्ही बंद ठेवा. सारंगखेड्याच्या यात्रेत, तापीकाठी, वारा माइकवर आदळतो. कॅप्सूलवर फोम आणि त्यावर केसाळ टोपी, दोन्ही लागतात. वही गायन या खान्देशी लोकगायनाचं मंडळ नोंदवायचं असेल तर कानातले माइक सोडून ओआरटीएफ वापरा. मंडळींना अर्धवर्तुळात बसवा, माइक दीड-दोन मीटरवर, डोक्यांच्या जरा वर.

फाइल २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ वॅव्हमध्ये ठेवा. क्रॉसटॉकची प्रक्रिया ऐकतानाच लावा, जतन करायच्या मूळ फाइलवर कधीही नाही. नावात माइकची पद्धत आणि अंतर लिहा: ‘कानातले’, ‘ओआरटीएफ १७ सेंमी’. पुढे वेगळ्या स्पीकरांवर, वेगळ्या फिल्टरने ऐकणाऱ्याला पहिल्यांदा तेवढंच माहीत असावं लागतं.