आमची वाटचाल : पंप-नोझल, टर्बो आणि कपाटातले टायमर

आमचं दुकान बेळगावात, उद्यमबागेत. वडिलांनी सुरू केलं तेव्हा टर्बोशी, म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणाऱ्या पंख्याशी, काही संबंध नव्हता. ते एका फौंड्रीत लेथवर होते. तिथून बाहेर पडले आणि इंजिनात डिझेल फवारणाऱ्या पंप-नोझलचं काम धरलं. त्या वेळी पंप म्हणजे मायको, दुसरं नावच नाही. २००८ मध्ये कंपनीनं नाव बदलून बॉश केलं, तरी हुक्केरीकडचा शेतकरी हंगामाच्या तोंडावर ट्रॅक्टर घेऊन येतो तो अजून म्हणतो, "अण्णा, मायको पंप जरा बघा की ओ." पाटीवर वर कानडी, खाली मराठी. आत दोन्ही भाषांची मिसळ, आणि पार्टांची नावं तिसऱ्याच भाषेत.

टर्बो आमच्याकडे आधी ट्रकमधून आला. त्या ड्रायव्हरांना काही शिकवावं लागत नव्हतं. ढाब्यावर लावली की इंजिन तसंच गुरगुरत ठेवून ते खाली उतरायचे, टायरवर लाथ मारून हवा बघायचे, लुंगी सावरायचे आणि मग बंद करायचे. गरम टर्बो निवू देण्याच्या त्या सवयीला कुणी कूल-डाउन म्हणत नव्हतं. मग २००२ मध्ये स्कॉर्पिओ आली, २००७ मध्ये स्विफ्ट डिझेल आली आणि टर्बो घरोघरी गेला. आता गाडी चालवणारा ड्रायव्हर नव्हता, मालक होता, आणि मालकाला घाई असते. कर्ज काढून टर्बोच्या फिरत्या भागाचा तोल तपासणारं जुनं बॅलन्सिंग मशीन घेतलं ते याच काळात. हप्त्यांची रडकथा इथे नको. फिटले.

आणि मग टायमर. चावी काढली तरी इंजिन एक, दोन, तीन मिनिटं चालू ठेवून आपोआप बंद करणारा छोटा डबा. ऐंशी-नव्वदच्या दशकात जपानी शौकिनांत याची फॅशन होती, आमच्याकडे ती उशिरा, मुंबईमार्गे पोचली. लाल आकडे उलटे मोजत जायचे. गिऱ्हाईक गाडी लॉक करून दहा पावलं जायचं, वळून बघायचं, गाडी आपली आपण बंद व्हायची. त्या वळून बघण्यावरच आमचा निम्मा माल खपला असेल.

विकताना मी गुऱ्हाळाचं उदाहरण द्यायचो, आजही देतो, कारण ते खरं आहे. चुलवाणातला जाळ काढला म्हणून चुलवाण गार होत नाही. गुळव्या काहिल वेळेवर उतरवतो ती त्यासाठीच, नाहीतर पाक बुडाला करपला म्हणून समजा. टर्बोचंही तसंच. एका बाजूच्या चक्राला इंजिनातून निघालेला धूर फिरवतो, तो जोरात चालवलेल्या डिझेलमध्ये सातशे-आठशे अंशांपर्यंत जातो, पेट्रोलमध्ये त्याहून जास्त. चक्राचा दांडा, म्हणजे शाफ्ट, मिनिटाला दीड-दोन लाख फेरे घेतो आणि तो कशावर टेकलेला असतो? तेलाच्या पातळ थरावर. इंजिन बंद, की तेलाचा पंप बंद. चक्राकडची धग मग शाफ्टवरून बेअरिंगकडे सरकते आणि तिथं अडकलेलं तेल करपून कोळसा होतं.

हे सगळं खरं. पण एवढ्यावरून टायमर घ्यायलाच पाहिजे, असं मी सांगायचो ते खरं नव्हतं. ते कळायला मला पाच-सहा वर्षं लागली.

पहिला दणका वायरिंगचा बसला. टायमर बसवायचा म्हणजे इग्निशनच्या वायरी कापून मध्ये जोड द्यायचा. आमच्या पोऱ्यानं एका गाडीत जोड नुसता पिळून टेप मारली होती. पावसाळ्यात खानापूर रोडवर डॅशबोर्डाखालून धूर निघाला. गिऱ्हाईक भला माणूस, ओरडला नाही, नुसता म्हणाला, "टर्बो वाचला हो, गाडी जळत होती." हार्नेस, म्हणजे वायरींचा जुडगा, आमच्या खर्चानं बदलला. चूक आमचीच होती, जोड मी तपासला नव्हता.

दुसरा दणका जास्त शिकवून गेला. निपाणीकडची एक बोलेरो आली. निळा धूर, शिट्टी, पिकअप नाही. टायमर आम्हीच बसवलेला, चालू स्थितीत. टर्बो उतरवला, शाफ्ट बोटानं हलवला तर चक्र हाउसिंगला घासतंय. कोअर, म्हणजे शाफ्ट-चक्र-बेअरिंगचा आतला गाभा, गेला होता. मालक चिडला, आणि चिडणारच. मी तेलाचा पाइप सोडला, त्याचा पोकळ बँजो बोल्ट काढला. त्यातली बारीक जाळी काळ्या चिकट गाळानं जवळजवळ बुजलेली. पाइपात बारीक तार घातली तर आतून खरवडून निघालं ते करपलेल्या काकवीसारखं. ऑइल कधी बदललं विचारलं, तर म्हणाला, "तंबाखूच्या हंगामात वेळ कुठला? वर टाकत होतो की." म्हणजे जुन्यातच नवं. टायमर रोज इमानदारीत तीन मिनिटं मोजत होता आणि टर्बोला तेल पोचतच नव्हतं.

त्या दिवसापासून उघडलेल्या प्रत्येक टर्बोचं कारण मी वहीत लिहायला लागलो. ऑइल उशिरा. जाळी बंद. हलकं ऑइल. इंजिनातला वायू बाहेर सोडणारा ब्रीदर चोंदलेला. एअर फिल्टरनंतरचा पाइप फाटला, धूळ आत. पानामागून पान हेच. "गरम असताना लगेच बंद केली" असं लिहायची वेळ क्वचित यायची, आणि आली की ती गाडी बहुतेक घाटातली असायची.

ते साहजिकच आहे. हायवेवरून कितीही जोरात या, गावात शिरल्यावर गोगटे सर्कल, मग रेल्वे गेट, मग गल्लीतली म्हैस. घरासमोर चावी फिरवेपर्यंत टर्बो कधीच निवलेला असतो, डिझेल तर आयडलला, म्हणजे गाडी नुसती उभी चालू असताना, फार लवकर गार पडतं. टायमरला ही वाट दिसत नाही. तुम्ही घाट चढून आलात की दूध आणून, त्याला दोन्ही सारखंच. वर उगाच लांबलेल्या आयडलिंगनं इंजिनात काजळी धरते ती वेगळीच.

उलट गोव्याकडून चोर्ला घाट चढून आलेली भरलेली पिकअप. वर पोचल्या पोचल्या चहाचं हॉटेल दिसतं, गाडी थांबते आणि त्याच क्षणी बंद होते. तिथं एक मिनिट मात्र गाडी चालू राहिलीच पाहिजे. तवंदी किंवा वंटमुरी घाटानंतर लगेच थांबलात तरी तेच. त्यासाठी डबा कशाला? तोवर पैसे काढा, आरसे मिटा, घरी फोन करा. बऱ्याच गाड्यांच्या पुस्तकात हेच लिहिलेलं असतं, पण ते पुस्तक डॅशबोर्डच्या कप्प्यात प्लॅस्टिकमध्येच असतं.

नव्या टर्बो पेट्रोलवाल्यांना तर मी सरळ नकोच म्हणतो. त्यांच्या टर्बोला पाण्याचं जाकीट असतं. इंजिन बंद झालं तरी गरम पाणी वर चढतं, त्याच्या जागी गार येतं, आणि काही गाड्यांत त्यासाठी वेगळा इलेक्ट्रिक पंप असतो. "दादा, चावी काढली तरी आत काहीतरी फिरतंय" असा फोन उन्हाळ्यात हमखास येतो. फिरू दे म्हणून सांगतो. शिवाय सिग्नलला आपणहून बंद पडणाऱ्या गाडीला टायमर लावणं म्हणजे कंपनीशी भांडण. आणि वायर कापलेली दिसली की वॉरंटीवाला पहिलं बोट तिथंच ठेवतो.

टायमर विकणं बंद केलं तेव्हा महिन्याचा गल्ला उतरला, ते जाणवलं. वडील काही बोलले नाहीत. ते स्वतः आजही गेटातून आत आल्यावर गाडी चालू ठेवून बसतात, मिनिटभर, दूध आणायला गेले असले तरी. मी काही म्हणत नाही. ती त्यांची ट्रकवाल्यांची सवय.

मुलगा आता दुकानात बसतो. टर्बो उघडण्याआधी ऑइलचं बिल मागायचं हा नियम त्याचा. नवा कोअर देताना तेलाचा पाइप आणि जाळी नवी घेतली नाही, तर वॉरंटी नाही. यावरून रोज एक तरी गिऱ्हाईक वाद घालतं, एखादं उठून कोल्हापूरला जातं. जाऊ दे म्हणतो.

उरलेले टायमर कपाटात होते. त्यातला एक मुलानं मागच्या दिवाळीत बॅलन्सिंग मशीनच्या ऑइल पंपाला जोडला. कोअर फिरवून बटण बंद केलं तरी शाफ्ट थोडा वेळ घरंगळत राहतो, तोवर तेल चालू पाहिजे. आधी पोऱ्याला तिथं उभं राहावं लागायचं. आता लाल आकडे वीसपासून शून्यावर येतात आणि पोरगं तेवढ्यात पुढचा कोअर पुसून ठेवतं.