काळीभोर दुनळी

जुन्या बंदुकांचं व्हॅल्युएशन करताना एक वाक्य हमखास ऐकायला मिळतं, "आजोबांनंतर कुणी हातच लावला नाही." परवा एक काका जुनी पार्कर (अमेरिकन बनावटीची) दुनळी घेऊन आले आणि बसायच्या आधीच तेच म्हणाले. आधी ती उघडून दोन्ही चेंबर रिकामे आहेत ना ते बघितलं (हे कुणाच्याच शब्दावर सोडत नाही) आणि खिडकीपाशी नेली, ट्यूबलाइटखाली काय, सगळ्याच बंदुका नव्या दिसतात.

नळ्या आरशासारख्या काळ्याभोर. तेच खटकलं. कारण रिसीव्हर, म्हणजे नळ्या जिथे बसतात तो मधला सांगाडा, पार रुपेरी पडलेला, केस हार्डनिंगचे निळे-तपकिरी रंग उरलेत ते फक्त लिव्हरमागच्या खाचेत आणि ट्रिगर गार्डच्या आडोशाला, म्हणजे हात आणि उजेड जिथे पोचत नाही तिथे. हाडाच्या कोळशात लोखंड तापवून पाण्यात विझवलं की येणारे हे रंग, वापराने उडतातच. पण मग ज्या हातांनी ते उडवले त्यांनी नळ्या काय रुमालाने धरल्या?

भिंग लावलं. नळ्यांवर कोरलेल्या अक्षरांच्या कडा साबणाच्या वडीवरच्या नावासारख्या बोथट झालेल्या. एका ठिकाणी टाचणीच्या डोक्याएवढा गंजाचा खड्डा आणि त्याच्या तळाशीही ब्लूइंग, म्हणजे नळ्यांना देतात तो काळा-निळा रंग! म्हणजे आधी गंजली, मग बफ मारला, मग रंग.

तोवर मला फक्त किंमत कमी होणार एवढंच वाटत होतं. पण दुनळीला पूर्वी रस्ट ब्लूइंग करायचे, गंज चढवा, उकळा, घासा, परत तेच, त्याला मवाळ झाक असते. ही चकाकी हॉट सॉल्टची वाटली, कॉस्टिकचं सुमारे 140 अंशांचं द्रावण, आणि ते रिबचं, म्हणजे दोन नळ्यांच्या मधल्या पट्टीचं, सॉफ्ट सोल्डर (डाख) खातं. रिबच्या कडेने नख फिरवलं तर नखात पांढरी पूड आली. नळ्या सोडवून हुकला टांगल्या, टिचकी मारली, घंटेसारखा नाद यायला हवा तिथे फुटक्या मडक्यासारखा खळ्ळ आवाज, म्हणजे रिब सुटलेली.

दस्ता मात्र अस्सल निघाला, लाकूड अजून धातूपेक्षा केसभर वर आहे, म्हणजे सँडपेपर लागलेला नाही.

काकांना सांगितलं, बाकी ओरिजिनल आहे, नळ्यांचा रंग नाही, आणि रिब परत बसवल्याशिवाय एकही काडतूस उडवू नका. ते बराच वेळ नळ्यांकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "मी शाळेत होतो तेव्हा बाबांनी एकदा चमकवून आणली होती खरी, किती खूश होते त्या दिवशी."