६ ऑक्टोबर आणि १३ मार्च

‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’च्या सिनेमांत एक दुष्ट अंगठी नष्ट करायला निघालेल्या फ्रोडोला सारखं काही ना काही लागत असतं. वेदरटॉपच्या टेकडीवर खांद्यात सुरा, मोरियाच्या खाणीत भाला, शेलॉब नावाच्या अजस्र कोळ्याची नांगी आणि शेवटी त्या अंगठीसाठी हपापलेला गॉलम बोटच तोडतो. दिग्दर्शक पीटर जॅक्सनच्या तीन भागांत (२००१ ते २००३) या पोराचे इतके हाल होतात की तो नुसता चालत असला तरी ‘आता पडतोय बघ’ म्हणून आपण सावरून बसतो. टॉल्किनच्या मूळ पुस्तकातही जखमा याच. फक्त तिथे त्या बऱ्या होत नाहीत.

वेदरटॉपचंच बघा. सिनेमातला फ्रोडो तलवार टाकतो आणि पाठीमागे सरपटत जातो. पुस्तकात तो घाबरतो, मोहाला बळी पडून अंगठीही घालतो, पण त्याच अवस्थेत एल्बेरेथ या देवतेच्या नावाने ओरडून चाल करून आलेल्या काळ्या स्वाराच्या पायांवर वार करतो. वार लागतो नुसत्या काळ्या झग्याला, पण करतो तरी! त्याचा खांदा भोसकला जातो तो या झटापटीत. ती तारीख ६ ऑक्टोबर.

तिथून रिव्हेंडेल या एल्फांच्या सुरक्षित ठाण्याजवळच्या नदीपर्यंत पोचायला पुस्तकात २० ऑक्टोबर उजाडतो. दोन आठवडे! डावा हात गार आणि निर्जीव होत जातो. सोबतचा ॲरागॉर्न अथेलास नावाच्या औषधी वनस्पतीची पानं उकळून जखम शेकतो, तेवढ्यापुरतं बरं वाटतं. भर दिवसा सोबत्यांचे चेहरे सावल्यांसारखे फिकट दिसायला लागतात. सुऱ्याचा एक बारीक तुकडा आत राहिलाय आणि तो काळजाच्या दिशेने सरकतोय, हे आपल्याला पुढे कळतं. सिनेमाला एवढा वेळ कुठला? तिथे फ्रोडो झालेल्या एलिजा वुडचे डोळे पांढुरके होतात, घशातून घरघर ऐकू येते आणि एल्फ कुळातली आर्वेन त्याला घोड्यावर घालून निघते. प्रसंग देखणा आहे, नाकारत नाही. पण पुस्तकात त्या घोड्यावर फ्रोडो एकटा असतो. नदी ओलांडल्यावर अंगात धड बसण्याचं त्राण नसताना तो वळतो आणि नऊच्या नऊ काळ्या स्वारांना ठणकावतो, अंगठीही मिळणार नाही आणि मीही. सिनेमात हे आव्हान आर्वेनच्या वाट्याला गेलं आणि फ्रोडो नुसतं सामान होऊन राहिला. या एका गोष्टीसाठी मी जॅक्सनला माफ केलेलं नाही.

मोरियातला भाला सिनेमात गुहेतला ट्रोल मारतो, पुस्तकात ऑर्क नावाच्या राक्षसी सैनिकांचा एक दांडगा नायक. मिथ्रिल नावाच्या धातूचं चिलखत फ्रोडोला वाचवतं, ते सिनेमात तिथल्या तिथे सगळ्यांना दिसतं. पुस्तकातला फ्रोडो मात्र तसाच कण्हत चालत राहतो. खाणीबाहेर पडल्यावर ओढ्याकाठी ॲरागॉर्न त्याचे कपडे उतरवतो, तेव्हा आतलं चिलखत उघडकीला येतं आणि त्याखाली काळंनिळं पडलेलं अंग, कड्या मांसात रुतलेल्या. वाचवलं खरं, पण फुकटात नाही.

कॅमेऱ्याला जखम दिसायला लागते आणि तीही फार विद्रूप चालत नाही. ‘गेम ऑफ थ्रोन्स’मधल्या टिरियन या पात्राचं पुस्तकात अर्ध्याहून जास्त नाक जातं, मालिकेत त्याला मिरवण्याजोगा एक व्रण मिळतो. असो.

फ्रोडोचं खरं दुखणं सुरू होतं ते सगळं संपल्यावर. अंगठी नष्ट झाली, राजाचा राज्याभिषेक झाला, मंडळी घरी निघाली. पुन्हा तीच नदी येते, पुन्हा ६ ऑक्टोबर, आणि त्याचा खांदा ठणकायला लागतो. पुढच्या १३ मार्चला, शेलॉबने डंख केला त्या तारखेला, शेतकरी कॉटनला तो बिछान्यावर पडलेला सापडतो. आर्वेनने दिलेला पांढरा खडा मुठीत गच्च धरलेला, आणि ‘ते’ (म्हणजे अंगठी) कायमचं गेलं, आता सगळा अंधार, असं अर्धवट ग्लानीत बडबडणं. हात मोडलेल्याला पावसाळा आधी कळतो, तसा त्याला कॅलेंडरचा सुगावा लागतो.

हे टॉल्किनला कुठून सुचलं असेल? १९१६ मध्ये तो सॉमच्या लढाईत होता. उवांमधून पसरणाऱ्या खंदकतापाने आजारी पडून इंग्लंडला परतला आणि पुढची दोनेक वर्षं इस्पितळाच्या खेपा चालूच राहिल्या. हा ताप उतरतो आणि काही दिवसांनी पुन्हा चढतो. पुस्तकाचा थेट युद्धाशी सांधा जोडलेला त्याला आवडत नसे, म्हणून मी जोडत नाही. पण बरं वाटलं म्हणजे बरं झालं असं नसतं, एवढं तरी त्याला कुणी शिकवायला नको होतं.

त्यातही मला सगळ्यात जास्त लागतं ते फ्रोडोचं लपवणं. पहिल्या मार्चचं दुखणं त्याचा जिवलग सोबती सॅम परगावी असताना येतं आणि तो परतेपर्यंत ओसरतं. फ्रोडो त्याला काहीच सांगत नाही. ऑक्टोबरमध्ये सॅमच्या नजरेतून सुटत नाही, तेव्हा जखमी आहे, हे बरं होणार नाही, एवढंच बोलतो. पुढच्या मार्चला पुन्हा आजारी, पुन्हा गप्प. कारण सॅमच्या घरी पाळणा हलायचा असतो, २५ मार्चला त्याची मुलगी एलानोर जन्मते. बाळंतपणाच्या घरात आपलं रडगाणं कशाला, हे शहाणपण कुठल्याही थोरल्या माणसाला पटेल. सिनेमात ते दोन्ही मार्च नाहीत. खांद्याला हात लावून वेदरटॉपला आज चार वर्षं झाली, हे कधी नीट बरं झालंच नाही, असं एक वाक्य आहे. एलिजा वुड ते छान म्हणतो आणि मग जहाजाने कायमचं निघून जायला बंदराकडे निघायची तयारी.

पुस्तकाच्या परिशिष्टात तारखा ओळीने दिल्यात. फ्रोडो जहाजात बसतो तो दिवस २९ सप्टेंबरचा. पुढचा ६ ऑक्टोबर बरोबर एका आठवड्यावर आला होता. टॉल्किन त्यावर अवाक्षर बोलत नाही, पण इतक्या काटेकोर माणसाच्या हातून ही तारीख अशीच पडली असेल, हे मला काही पटत नाही.