वळवाच्या गॅमा किरणांसाठी म्युऑनची मोजपट्टी

एप्रिल-मेमध्ये सोलापुरात दिवसभर तापतं, दुपार कलली की ढग दाटून येतात, वावटळ उठते, विजा कडाडतात आणि वळीव कोसळतो. अशा गडगडाटी ढगांतलं विद्युतक्षेत्र इलेक्ट्रॉनना प्रचंड वेग देतं. ते हवेतल्या अणूंवर आदळले की गॅमा किरण निघतात, आणि त्यांची ऊर्जा काही वेळा २०-३० एमईव्हीपर्यंत (एमईव्ही म्हणजे दहा लाख इलेक्ट्रॉन-व्होल्ट, ऊर्जेचं एकक) जाते. घरच्या गच्चीवर मावेल एवढी गॅमा दुर्बीण ते टिपू शकते. अवकाशातून येणाऱ्या गॅमा किरणांची आशा मात्र या आकाराच्या उपकरणाकडून धरू नये, ते वरच्या हवेतच विरतात.

खरी अडचण ऊर्जेच्या मोजपट्टीची. सहज मिळणाऱ्या किरणोत्सर्गी पदार्थांतली सगळ्यात वरची रेषा (ठरलेल्या एकाच ऊर्जेचे गॅमा किरण) २.६ एमईव्हीची, आणि आपल्याला मोजायचं त्याच्या दहापट. मधली सगळी जागा सरळ रेषा ओढून भरणं ही सर्रास होणारी चूक आहे. ती टाळायला वातावरणातले म्युऑन, म्हणजे अवकाशातल्या किरणांमुळे वरच्या हवेत तयार होणारे, इलेक्ट्रॉनसारखेच पण जड कण, फुकट हजर असतात. तळहातावरून दर सेकंदाला एक-दोन जातात, रात्रंदिवस, कुठलाही परवाना न लागता.

रचना साधी आहे. मधोमध ५ सेंटिमीटर बाजूचा थॅलियम घातलेल्या सिझियम आयोडाइडचा घनाकृती स्फटिक, किरणाने किंवा कणाने आत ऊर्जा सोडली की तो चमकतो. त्याच्या खालच्या तोंडाला ६ मिलिमीटरचा सिलिकॉन फोटोमल्टिप्लायर, म्हणजे एसआयपीएम, तो ही चमक विद्युत सिग्नलमध्ये बदलतो. भोवती शिशाच्या विटा, वरची बाजू मोकळी. दुर्बीण म्हणायचं ते एवढ्यासाठीच, की ती वर पाहते. म्युऑन ओळखायला स्फटिकाच्या वर एक आणि खाली एक अशा प्लास्टिक सिंटिलेटरच्या (कण गेला की चमकणाऱ्या प्लास्टिकच्या) दोन पट्ट्या, प्रत्येकी ४ × ४ सेंटिमीटर, १ सेंटिमीटर जाड, एकमेकींपासून १२ सेंटिमीटरवर. स्फटिकाला नळाच्या टेफ्लॉन टेपचे पाच-सहा थर, वर अॅल्युमिनियम फॉइल, वर काळी टेप. टॉर्च मारून पाहावं. गोंगाट वाढला तर कुठेतरी फट आहे.

पट्ट्या स्फटिकापेक्षा लहान का, हे नीट समजून घ्यायला हवं, कारण सगळं कॅलिब्रेशन, म्हणजे मोजपट्टी बसवणं, त्यावर उभं आहे. म्युऑन स्फटिकात किती ऊर्जा सोडतो हे त्याने आत किती अंतर कापलं यावर ठरतं. कोपरा कापून गेलेला म्युऑन २ एमईव्ही सोडेल, तिरपा गेलेला ३५ सोडेल. दोन्ही पट्ट्या स्फटिकाच्या बरोबर मध्यावर ठेवल्या, की दोन्हींतून गेलेली सरळ रेषा मधल्या कुठल्याही पातळीवर ४ × ४ च्या चौकोनाबाहेर जाऊच शकत नाही. म्हणजे तो म्युऑन स्फटिकाच्या वरच्या तोंडातून शिरला आणि खालच्या तोंडातून निघाला याची खात्री. दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा सेंटिमीटर मोकळा राहतो, तो पट्टी बसवताना होणाऱ्या चुकीसाठी. तिरपेपणामुळे सरासरी अंतर फक्त २ टक्क्यांनी वाढतं, आणि अगदी कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यात गेलेल्या म्युऑनसाठी १० टक्क्यांनी.

याची किंमत संख्येत मोजावी लागते. या रचनेत तासाला ४०च्या आसपास म्युऑन मिळतात, रात्रभरात साडेतीनशे. ऊर्जेच्या आलेखात म्युऑनचं जे शिखर येतं, त्याची जागा एक टक्क्याच्या आत सांगायला तेवढे पुरतात. पट्ट्या मोठ्या करून संख्या वाढवण्याचा मोह होतो, पण मग शिखर फुगतं आणि उजवीकडे सरकतं. थोडे आणि सरळ म्युऑन केव्हाही बरे.

दोन्ही पट्ट्यांचे सिग्नल कंपॅरेटरमधून (ठरावीक उंबरठ्याच्या वरचाच सिग्नल पुढे सोडणाऱ्या भागातून) काढून एका अँड गेटला द्यायचे, दोन्ही एकदम आले तरच तो होकार देतो. एकदम म्हणजे किती वेळात, ती खिडकी १०० नॅनोसेकंदांची ठेवावी. इथे उंबरठा फार खाली ठेवला तर काय होतं ते हिशोबानेच कळतं. प्रत्येक पट्टी गोंगाटामुळे सेकंदाला हजारदा वाजत असेल, तर योगायोगाने दोन्ही एकदम वाजण्याचं प्रमाण तासाला सातशेच्या वर जातं आणि खरे चाळीस त्यात हरवतात. तीच पट्टी सेकंदाला दहादा वाजली, तर असा योगायोग दिवसाला एखाद-दोनदाच. १ सेंटिमीटर प्लास्टिकमध्ये म्युऑन सुमारे २ एमईव्ही सोडतो, त्याच्या एक-तृतीयांशावर उंबरठा बांधावा.

आता म्युऑनच्या शिखराला आकडा कोणता द्यायचा? या स्फटिकात दर सेंटिमीटरला किमान ५.६ एमईव्ही, म्हणजे ५ सेंटिमीटरला २८. फर्मी उपग्रह २००८ साली गेला, त्यावरच्या मोठ्या दुर्बिणीचे याच पदार्थाचे २ सेंटिमीटर जाड स्फटिक जमिनीवर असताना म्युऑनवरच तपासले होते, आणि तिथला आकडा ११.२. आपल्या मांडणीत तिरपेपणा आणि म्युऑनच्या ऊर्जेचा पसारा धरून शिखर २८ ते ३०च्या दरम्यान पडतं. नेमका आकडा जिआंट-४ या कणांचा प्रवास संगणकावर हुबेहूब मांडणाऱ्या प्रणालीत आपली मापं घालून काढावा. सरासरी घेऊ नये. म्युऑनचा आलेख डावीकडे उभा आणि उजवीकडे लांब शेपटीचा असतो. ती शेपटी सरासरीला ओढत नेते. लँडाऊ (अशाच शेपटीचा) आणि गाऊस (घंटेच्या आकाराचा) या दोन वक्रांचा मिलाफ बसवून शिखराची जागाच वाचावी.

खालच्या टोकासाठी खताच्या दुकानातलं पोटॅश उत्तम. डाळिंबाला आणि उसाला टाकतात तेच म्युरेट ऑफ पोटॅश. किलोभर पोटॅशमध्ये निम्मं पोटॅशियम असतं आणि त्यातून सेकंदाला सुमारे १,६०० गॅमा किरण १.४६ एमईव्हीचे निघतात. पिशवी स्फटिकाशेजारी ठेवली की तासाभरात शिखर स्पष्ट दिसतं. आपल्याकडचा काळा दगड, म्हणजे दख्खनचा बेसॉल्ट, पोटॅशियमच्या बाबतीत गरीब. ग्रॅनाइटच्या मुलखात ही रेषा नुसत्या भिंतींतूनही ठळक येते, इथे पिशवी लागतेच. दुसरी रेषा पेट्रोमॅक्सच्या जुन्या जाळीतल्या थोरियमची, २.६१ एमईव्ही. जाळी प्लास्टिकच्या बंद पाकिटातच ठेवावी. ती चुरली तर धूळ श्वासातून आत जाते, तेवढं कटाक्षाने टाळावं.

या दोन बिंदूंतून रेघ ओढून २९पर्यंत नेली, की म्युऑनचं शिखर बहुधा तिच्या खाली सापडतं. समजा, २४ला. म्युऑन चुकत नाही, एसआयपीएम भरून जातो. ६ मिलिमीटरच्या एसआयपीएममध्ये ५० मायक्रॉनचे १४,४०० कप्पे असतात, आणि एका वेळी एक कप्पा एकच फोटॉन मोजतो. म्युऑन स्फटिकात पंधरा लाखांच्या आसपास फोटॉन निर्माण करतो. त्यातले थोडेच एसआयपीएमपर्यंत पोचले तरी कप्पे कमी पडतात. स्फटिकाचा प्रकाश मायक्रोसेकंदभर हळूहळू येतो, त्यामुळे काही कप्पे पुन्हा तयार होतात आणि नुकसान थोडं भरून निघतं, पण सगळं नाही. म्हणून या तीन बिंदूंतून सरळ रेघ न ओढता वाकणारी वक्ररेषा बसवायची, आणि वळवाची ऊर्जा त्या वक्रावरून वाचायची.

त्याआधी एक शंका फेडून घ्यावी. अॅम्प्लिफायर किंवा एडीसी (सिग्नलचे आकडे करणारा भाग) वरच्या टोकाला कापला जात असेल, तरी असंच दिसतं. स्क्रीनवर एकेक म्युऑनचा सिग्नल मोठा करून पाहावा. माथा गोल असेल तर ठीक, सपाट असेल तर तो कापलाय. रेड पितायासारख्या सिग्नल नोंदवणाऱ्या बोर्डाला दोन इनपुट असतात. एकावर पूर्ण सिग्नल, दुसऱ्यावर दहापट कमी केलेला, असं केलं की पोटॅश आणि म्युऑन दोन्ही नीट मावतात.

सोलापुरात सगळ्यात जास्त त्रास देतो तो उन्हाळा. या जातीच्या एसआयपीएमचा ब्रेकडाउन व्होल्टेज (ज्याच्या वर तो फोटॉन मोजू लागतो तो) दर अंशाला सुमारे ५४ मिलिव्होल्टने वाढतो. एसआयपीएम त्याच्या ३ व्होल्ट वर चालवत असाल, तर एका अंशाला गेन, म्हणजे सिग्नल किती पट वाढतो ते, १.८ टक्के घसरतो. दुपारी ४२ आणि पहाटे २७ असेल, तर फरक पाव हिश्शाहून जास्त. दुपारच्या वळवाला पहाटेचं कॅलिब्रेशन लावलं, तर सगळे आकडे खोटे. एसआयपीएमच्या पाठीला डीएस१८बी२० सेन्सर चिकटवून प्रत्येक घटनेसोबत तापमान नोंदवावं. मग म्युऑनची विभागणी तासांप्रमाणे करू नये. तासाला चाळीसवर शिखर दीड-दोन टक्के डोलतं, म्हणजे एका अंशाचा फरक त्यातच बुडतो. दोन-दोन अंशांचे गट पाडून आठवडाभराचे म्युऑन त्यांत टाकावेत, प्रत्येक गटाचं शिखर वेगळं काढावं. तापमानाविरुद्ध शिखर असा आलेख मिळतो, आणि त्यावरून व्होल्टेज आपोआप सुधारता येतो.

माळवदाचं जुनं घर असेल तर यंत्र आतच ठेवावं. फूटभर मातीचं छत जीईव्हीच्या (हजार एमईव्हीच्या) घरातल्या म्युऑनना जाणवतही नाही, आणि आतलं तापमान दिवसभरात फारसं हलत नाही. ढगाच्या गॅमा किरणांना मात्र ते छत अडवतं. म्हणून पहिलं कॅलिब्रेशन आत, निरीक्षण गच्चीवर.

उन्हाळ्यात आणखी एक गोष्ट बिघडते. स्फटिक आणि एसआयपीएम यांच्यामधलं सिलिकॉन ग्रीस पातळ होऊन ओघळतं आणि मध्ये हवेचा बुडबुडा शिरतो. तापमान तेच असून म्युऑनचं शिखर एका रात्रीत खाली आलं, तर आधी हा बुडबुडा शोधावा. ग्रीसऐवजी सिलिकॉनची पारदर्शक चकती वापरली की हा प्रश्न मिटतो. सोलापूरच्या पूर्व भागात शेजारी यंत्रमाग चालू असतील, तर मोटारींचा गोंगाट मेन लाइनमधून आत येतो. १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालवणं उत्तम.

प्रत्यक्ष वळवात तीन गोष्टी फसवतात. पाऊस रेडॉन या किरणोत्सर्गी वायूपासून बनलेले कण हवेतून धुऊन खाली आणतो आणि ०.६१ व १.७६ एमईव्हीच्या रेषा वाढतात. त्याचा ढगातल्या विद्युतक्षेत्राशी संबंध नाही, म्हणून ३ एमईव्हीच्या वरचेच आकडे धरावेत. वीज चमकली की सगळ्या चॅनेलवर एकदम सिग्नल उठतो, पण तो शून्याच्या वर-खाली थरथरतो. स्फटिकाचा खरा सिग्नल एकाच बाजूला उठून मायक्रोसेकंदांत उतरतो. त्यासाठी नुसता आकडा न साठवता सिग्नलचा पूर्ण आकार साठवावा. तिसरं, वादळात म्युऑनची संख्याही बदलते. उटीच्या ग्रेप्स-३ या म्युऑन मोजणाऱ्या प्रयोगात १ डिसेंबर २०१४च्या वादळात म्युऑन कमी झाले, त्यावरून ढगातला विभवांतर १.३ अब्ज व्होल्ट निघाला. संख्या बदलली म्हणून कॅलिब्रेशन बिघडत नाही, आपण शिखराची जागा वाचतो, उंची नाही.

विजा सुरू झाल्या की गच्चीवर जाऊ नये. यंत्र आधीच बॅटरीवर लावून, नोंदी आतल्या कार्डावर साठतील असं ठेवावं, घरात येणारी एकही तार नको. पाऊस उघडल्यावर पट्ट्या तशाच चालू ठेवून रात्रभर म्युऑन गोळा करावेत. त्याच तापमानाच्या गटात आदल्या रात्रीचं आणि या रात्रीचं शिखर एक टक्क्याच्या आत जुळलं, तर त्या वळवाचे आकडे ठेवावेत, नाहीतर काढून टाकावेत.