पोट उतरवायचं, मग संत्री कशी खाता?

नागपूरच्या फुटाळा तलावाच्या काठावर फेरी संपली की मी बाकावर टेकतो आणि पिशवीतून संत्रं काढतो. सोलायला सुरुवात केली की कुणीतरी थांबतंच. ‘काय भाऊ, पोट कमी करून राहिले अन् संत्रे खाऊन राहिले? साखर असते ना त्यात!’ फिरायला येणारी मंडळी विचारतात, ऑफिसातले विचारतात, मेहुणा तर दर दिवाळीला विचारतो. तोंडात फोड असताना पुरतं उत्तर देता येत नाही. तुम्ही विचारलंत म्हणून आज सावकाश सांगतो.

साखर असते. नाही म्हणण्यात अर्थ नाही. आपल्या एका मध्यम संत्र्यात साधारण नऊ-दहा ग्रॅम साखर आणि पन्नासेक कॅलरी. हाच हिशेब दाखवून एका व्यायामशाळेतल्या आहार सांगणाऱ्याने मला कागद लिहून दिला होता. त्यावर पहिलीच ओळ, ‘फळं पूर्ण बंद.’ तेव्हा माझं वजन 91 किलो, कंबर 40 इंच. मी कागद फ्रिजला चिकटवला आणि तीन महिने फळाला शिवलो नाही. आंबिया बहाराची, म्हणजे हिवाळ्याच्या तोंडावर येणारी, संत्री गाड्यांवर रचलेली, अख्ख्या शहराच्या नाकात तो वास, आणि मी मान खाली घालून चाललोय.

तीन महिन्यांत वजन उतरलं दीड किलो, मग तिथेच अडलं. कारण शोधायला फार लांब जावं लागलं नाही. दुपारी साडेचारला ऑफिसात पोटात खड्डा पडतो. आधी त्या वेळी डब्यातलं एखादं संत्रं किंवा पेरू असायचा. तो बंद झाला तेव्हा कॅन्टीनचा आलुबोंडा आला, गुरुवारी सांबारवडी (सांबार म्हणजे आमच्याकडे कोथिंबीर), आणि कुणाचा वाढदिवस असेल तर समोसा-तर्री. फळं बंद होती, त्यामुळे मनाला वाटायचं की पथ्य चालू आहे! एका समोशाच्या कॅलरीत चार-पाच संत्री बसतात. पण चार-पाच संत्री एका बैठकीत खाऊन दाखवा बरं. तिसऱ्यालाच माणूस ‘पुरे बाप्पा’ म्हणतो. समोशाच्या बाबतीत दुसरा कधी संपला तेही कळत नाही.

हे नुसतं माझ्या जिभेचं म्हणणं नाही. 1995 साली सिडनी विद्यापीठात सुसाना होल्ट आणि सहकाऱ्यांनी 38 पदार्थ, प्रत्येकी साधारण 240 कॅलरी होतील एवढे, लोकांना खायला दिले आणि पुढचे दोन तास पोट किती भरलेलं वाटतं ते विचारलं. पांढऱ्या ब्रेडला 100 गुण धरले. उकडलेला बटाटा 323 वर पहिला आला. संत्रं 202, सफरचंद 197, केळं 118. लोण्याने भरलेल्या क्रॉसाँ नावाच्या फ्रेंच पावाला मिळाले जेमतेम 47. प्रत्येक पदार्थ खाणारे लोक अकरा-तेराच होते, म्हणजे काही ब्रह्मवाक्य नव्हे. पण मला त्यातून साडेचारचं गणित कळलं. संत्र्यात पाणी भरपूर, चोथा असतो, आणि ते चावावं लागतं. सोलायचं, शिरा काढायच्या (मी काढत नाही, त्यातही चोथाच आहे), बिया थुंकायच्या. नागपुरी संत्र्याची साल सुटी असते म्हणून आपल्याला सोपं वाटतं, तरी पाच मिनिटं जातातच.

आता रस. इथे मात्र मी कडक आहे. एक मोठा ग्लास भरायला चार-पाच संत्री पिळावी लागतात. चोथा गाळणीत राहतो, वीस-पंचवीस ग्रॅम साखर ग्लासात उतरते आणि दोन मिनिटांत पोटात. वरून गाडीवाला विचारणार, ‘साखर टाकू का?’ जागतिक आरोग्य संघटनासुद्धा रसातली साखर चहात घातलेल्या साखरेच्याच रांगेत मोजते, अख्ख्या फळातली मात्र नाही. फळ तेच, पण पिळलं की त्याची जात बदलते. माझ्या एका मित्राने फिरून आल्यावर रोज ग्लासभर रस ‘आरोग्यासाठी’ सुरू केला आणि वजन का वाढतंय म्हणून चपला महाग घेतल्या. संत्रा बर्फीबद्दल तर बोलायलाच नको. तिच्यात नावाला संत्रं असतं, पण ती मिठाई आहे. पाहुण्यांना जरूर द्या.

माझी दुसरी चूक याच्या उलटी होती. फळं चालतात हे कळल्यावर मी सुटलोच. रात्री पोळी-भाजी, वरण-भात रीतसर जेवायचं आणि वर पपई, चिकू, दोन केळी असा वाडगा. ‘फळंच तर आहेत.’ दोन महिने काटा हलला नाही. मग लक्षात आलं की फळ कशाच्या जागी येतं त्यावर सगळं आहे. आलुबोंड्याच्या जागी आलं तर पोट उतरतं. जेवणाच्या वर आलं तर ते जेवणच झालं, मग सीताफळ असो की टरबूज. अर्थात टरबुजाने नुकसान करायला बराच वेळ लागेल. शंभर ग्रॅमला तीसच कॅलरी. चिकू, सीताफळाचं तसं नाही, तिथे शंभर ग्रॅमला ऐंशी-नव्वदच्या घरात जातं. मनुका-खजूर म्हणजे पाणी काढून घेतलेली फळं. ती मी मूठभर नाही, मोजून खातो.

सूर्यास्तानंतर फळ खाल्लं की त्याची चरबी होते, असंही विचारतात. पोटाला घड्याळ कळत नाही, दिवसाची बेरीज कळते. आणि नुसती फळं खाऊन पातळ व्हायच्या नादालाही लागू नका. वरण, उसळ, दही, अंडी सोडली तर चरबीबरोबर स्नायूही जातात. ज्यांना मधुमेह आहे त्यांनी किती आणि कोणतं फळ हे आपल्या डॉक्टरांनाच विचारावं, बाकावरच्या माणसाला नाही.

माझं सध्याचं असं आहे. सकाळी फिरून आल्यावर एक संत्रं, साडेचारला एक पेरू किंवा दुसरं संत्रं, रात्री काही नाही. आंबिया संपला की मृग बहाराची येतात, फेब्रुवारी-मार्चपर्यंत चैन असते. सव्वा वर्षात वजन 80 किलोवर आलं, कंबर 36. त्यात फिरण्याचा आणि कमी झालेल्या भाताचाही वाटा आहे, सगळं श्रेय संत्र्याला देणार नाही. फ्रिजवरचा कागद आईने केव्हाच काढला आणि त्याच्या मागे किराण्याची यादी लिहिली.

राहिला आंबा. अक्षय्यतृतीयेपासून आमच्या घरी रस असतो. मी एक वाटी घेतो आणि त्या दिवशी एक पोळी कमी खातो. दुसरी वाटी कधी घेतो का, हे मात्र मे महिन्यात विचारू नका.