सादळलेला माल्ट

जुलैचा दुसरा आठवडा. अलिबागजवळच्या आमच्या छोट्या मायक्रोब्रुअरीत (बिअर बनवण्याच्या कारखान्यात) १०० किलो पेल माल्टची, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या फिक्या बार्लीची, बॅच उकळून थंड केली, तर ओजी (आंबवण्याआधीची घनता, रसात साखर किती ते सांगणारी) भरली १.०४४. सॉफ्टवेअरने १.०५० सांगितली होती.

"दादा, एफिशियन्सी ८०ची ७० करून टाकू? आकडा जुळेल," मदतनीस म्हणाला.

एफिशियन्सी म्हणजे माल्टमधल्या साखरेपैकी किती टक्के हाती येते ते. आकडा जुळला असता, पण पुढच्या बॅचपासून सॉफ्टवेअर मुकाट जास्त माल्ट मागत राहिलं असतं. आधी हिशेब कागदावर मांडला. माल्टच्या सर्टिफिकेटवर कोरड्या वजनावर ८१ टक्के एक्स्ट्रॅक्ट (पाण्यात उतरू शकणारा भाग), ओलावा ४ टक्के. पॉइंट म्हणजे लिटर गुणिले ओजीतले १.०००च्या वरचे आकडे; १.०४४ चे ४४. शुद्ध साखरेचे किलोमागे ३८४ पॉइंट, तेव्हा या माल्टचे २९९. १०० किलोचे २९,९००. हाती आलेले ४८० लिटर गुणिले ४४, म्हणजे २१,१२०. एफिशियन्सी ७०.६ टक्के.

पहिला संशय लिटरवर. केटलमधली (उकळायच्या भांड्यातली) पट्टी उकळत्या वॉर्टला, म्हणजे माल्टच्या गोड रसाला, ५०० दाखवते. थंड झाल्यावर ४ टक्के आकसून ४८० होतात. ते धरलेलं होतं. मग पाणी: मॅशला (दळलेला माल्ट गरम पाण्यात भिजवायला) ३००, स्पार्जला (उरलेली साखर धुऊन काढायला) ३६०, त्यातलं १०० लिटर दाणा पितो, १५ फॉल्स बॉटमखाली (जाळीच्या तळाखाली) अडकतं, केटलमध्ये ५४५ येतं, ४५ वाफेत जातं. बरोबर. स्ट्राइकचं (माल्टवर ओतायचं) पाणी ७१.२ अंश, मॅश ६६ वर. (पावसाळ्यात आमचा माल्ट २८ अंशांवर असतो. सॉफ्टवेअरमध्ये २० तसेच राहिले, तर ते ७२.३ सांगतं आणि मॅश अंशभर गरम बसतो.) पीएच ५.४. इथेही काही नाही.

धागा सापडला तो नोंदवहीत. स्पार्जच्या आधीचा पहिला रस एरवी साडेएकोणीस ब्रिक्स (वजनात साखरेचे टक्के) असतो, त्या दिवशी १८ लिहिला होता. म्हणजे धुण्यात काही गेलं नव्हतं. साखर रसात आधीच कमी उतरली होती.

पोत्यातला दाणा चावला. तुटला नाही, चेपला. चक्क सादळलेला, आषाढातल्या पापडासारखा! १०० ग्रॅम दळून ओव्हनमध्ये १०५ अंशांवर तीन तास ठेवला, उरला ९१ ग्रॅम. ओलावा ९ टक्के. काट्यावर १०० किलो, पण त्यात पाच किलो जास्तीचं पाणी, माल्ट म्हणून मोजलेलं. किलोमागे पॉइंट २८३ धरले की एफिशियन्सी ७४.६ येते. दहातले चार टक्के नुसत्या वजनात गेले होते. बाकीचे दळायच्या मिलमध्ये: चिवट दाणा रोलरमधून सपाट होऊन निघतो, आतला पिठूळ भाग फुटत नाही. चाळणीवर अख्खे दाणे दिसत होते.

पुढच्या बॅचला त्याच पोत्यांतला माल्ट १०५.५ किलो घेतला आणि मिलची फट १.१ वरून ०.९५ मिलिमीटरवर आणली. कोरड्या माल्टला एवढी फट धोक्याची, टरफलाचा भुगा होऊन स्पार्ज तुंबतो. सादळलेलं टरफल चिवट असल्याने तगतं. ओजी १.०४९, एफिशियन्सी ७८.८.

पोती नुसती सुतळीने बांधलेली होती. आता उघडलेला माल्ट झाकणाच्या ड्रममध्ये जातो, आणि दळण्याआधी दाणा चावून बघायचं काम मदतनिसाकडे आहे.