पुळणीवर रुतलेली लँडिंग क्राफ्ट काढताना : माझा अनुभव

नौदलाच्या नोकरीत अंदमानला असताना एका उभयचर सरावात वाळूत रुतून बसलेली आमची लँडिंग क्राफ्ट बाहेर काढण्याच्या कामात मी होतो. रणगाडे, ट्रक आणि जवान थेट किनाऱ्यावर उतरवण्यासाठी ही बोट आपले नाक मुद्दाम पुळणीवर टेकवते. त्यामुळे जमिनीला लागणे हा तिच्यासाठी अपघात नसतो, परत निघता न येणे हा असतो.

परतीची तयारी बोट टेकण्यापूर्वीच करावी लागते. किनाऱ्यापासून पुरेसे दूर असतानाच मागचा नांगर टाकायचा, त्याचा तारदोर सोडत पुढे जायचे आणि काम झाले की विंचने तोच दोर गुंडाळत मागे सरायचे, अशी ही पद्धत आहे. आमचा नांगर आडव्या प्रवाहामुळे घसरला, बोटीचा मागचा भाग किनाऱ्याच्या बाजूला वळू लागला आणि त्यात ओहोटी लागली. बोट एकदा किनाऱ्याला समांतर झाली की प्रत्येक लाट तिच्या कुशीवर आदळून तिला आणखी वर ढकलते. म्हणून आम्ही सर्वांत आधी टाक्यांमध्ये समुद्राचे पाणी भरून बोट जड केली. बाहेरच्या माणसाला हे उफराटे वाटेल, पण बोट काढण्याआधी ती आहे तिथे धरून ठेवावी लागते.

खरी चिंता तिथीची होती. उधाण सरून भांगाचे दिवस जवळ येत होते, म्हणजे दर दिवसागणिक भरतीचे पाणी कमी चढणार होते. दोन भरत्यांमध्ये सुमारे 12 तास 25 मिनिटांचे अंतर असते. रात्रीची भरती हुकली असती, तर पुढच्या उधाणापर्यंत थांबण्याची पाळी आली असती.

टेकण्यापूर्वीची आणि नंतरची पाणरेषा यांच्या फरकावरून किती टन भार वाळूवर आला आहे, याचा हिशेब अधिकाऱ्यांनी केला. वाळूत या भाराच्या साधारण 30 ते 40 टक्के ओढ लागते. 90 टन भार असेल तर सुमारे 27 ते 36 टन. ही ओढ वाढवण्यापेक्षा भार कमी करणे केव्हाही स्वस्त पडते, असे माझे मत आहे. सुकतीला वाळू घट्ट झाल्यावर ट्रक रॅम्पवरून उतरवले आणि जवानांनी फावड्यांनी बोटीच्या दोन्ही अंगांची वाळू उपसली. दरम्यान दुसऱ्या बोटीने खोल पाण्यात नवा नांगर टाकून त्याचा दोर आमच्या विंचपर्यंत आणला, तर टगचा, म्हणजे जहाजे ओढणाऱ्या बोटीचा, दोर मागच्या खुंट्यांना बांधला. ताणलेला दोर तुटला तर माणूस जागीच जाऊ शकतो, म्हणून त्या पट्ट्यात कोणालाही उभे राहू दिले नाही.

ब्रिटिशांनी 1944 मध्ये नॉर्मंडीत यासाठी शर्मन रणगाड्याचा बुरूज काढून खोल पाण्यात चालणारे वाहन वापरले होते. रुतलेली वाहने ते ओढून काढत असे आणि पुढच्या लाकडी ठोकळ्याने लहान लँडिंग क्राफ्ट समुद्रात लोटत असे. साखळ्या अडकवण्यासाठी त्यात एक पाणबुड्याही असे. आमच्याकडे असे काही नव्हते.

भरती पूर्ण होण्याच्या तासभर आधी आम्ही टाक्या उपसायला सुरुवात केली आणि ताण हळूहळू वाढवला. इंजिनांचा जोर मात्र बेतानेच दिला, कारण उथळ पाण्यात इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याबरोबर वाळू आत ओढली जाते आणि गाळण्या तुंबतात. तळाला वाळूने धरलेली पकड सुटावी म्हणून टाक्यांतील पाणी डावी-उजवीकडे फिरवून बोट किंचित हेलकावली. पहिल्यांदा मागचा भाग हलला, मग पाणी माथ्यावर असताना विंच आणि टग यांची ओढ एकाच वेळी लागली आणि बोट सरळ मागे निघाली.

खोल पाण्यात येताच गाळण्या साफ केल्या आणि टाक्यांची पातळी पुन्हा पुन्हा मोजून तळातून पाणी आत येत नसल्याची खात्री केली. उजाडल्यावर पाणबुड्यांना एका पंख्याचे पाते वाकलेले आढळले. त्यामुळे ती बाजू बंद ठेवून, दुसऱ्या इंजिनावर कमी वेगाने आम्ही पोर्ट ब्लेअर गाठले.